सावरलेल्या पर्यटनाचा अर्धा ताळेबंद

महामारीच्या तडाख्यातून देशातील पर्यटन व्यवसाय सावरला, इतकेच नव्हे तर पूर्वीपेक्षा अधिक जोमाने उभा राहिला, असा निर्वाळा आज सर्वत्र दिला जात आहे. शेअरबाजाराचे भाष्यकार तो देतात, व्यावसायिकांच्या संघटना देतात आणि सत्ताधारी तर मोठ्या उत्साहाने देतात. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत एक लाख कोटी रुपयांची गुंतवणूक आणि १८ लाख रोजगार यांचे चित्र रंगवलेले आहे. चित्र मनोहर आहे. परंतु ज्याला अर्थशास्त्राचा गंध आहे आणि कष्टकऱ्यांविषयी आस्था आहे, त्याने या चित्रापुढे उभे राहून एक साधा प्रश्न विचारला पाहिजे : सावरले ते नेमके कोण?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला दिल्ली-मुंबईला जाण्याचे कारण नाही. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात सकाळी सहा वाजता उभे राहिले तरी पुरे. चाकण, तळेगाव, हिंजवडीकडे कामगारांना घेऊन जाणाऱ्या बसगाड्या तेथून एकामागून एक सुटतात. यातल्याच अनेक गाड्या शनिवार-रविवारी लोणावळ्याला, अष्टविनायकाला, कोकणात सहली नेतात, लग्नसराईत वऱ्हाड नेतात. १९७२ मध्ये औद्योगिक कामगारांना घरे मिळावीत म्हणून नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि निगडीची वस्ती वाढली. तिच्याबरोबर हा वाहतुकीचा आणि सहलींचा छोटा धंदाही वाढला. एका गाडीचा मालक, तोच चालक, दोन गाड्या असतील तर एक पगारी चालक आणि एक क्लीनर, गाडी कर्जाची. पर्यटन व्यवसाय म्हणतात तो खालच्या थरात हा असा आहे. वरच्या थरात आहेत पंचतारांकित हॉटेलांच्या साखळ्या. महामारीपूर्वीचा आणि महामारीनंतरचा हिशेब मांडायचा तर दोन्ही थरांचा मांडावा लागेल. आज जो मांडला जातो तो एकाच थराचा आहे.

वरच्या थराचा हिशेब

प्रथम देशाची एकंदर स्थिती पाहावी. २०१९ मध्ये भारतात सुमारे १ कोटी ९ लाख विदेशी पर्यटक आले. २०२० मध्ये ही संख्या २७ लाखांवर आणि २०२१ मध्ये १५ लाखांवर घसरली. पर्यटनातून मिळणारे परकीय चलन २०१९ मध्ये २ लाख ११ हजार कोटी रुपयांचे होते, ते २०२० मध्ये ५० हजार कोटींवर आले. देशांतर्गत पर्यटकांच्या भेटी २३२ कोटींवरून ६१ कोटींवर उतरल्या. संकट खरे होते, भयंकर होते, याबद्दल कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही.

आता या संकटातून एका मोठ्या कंपनीची वाटचाल कशी झाली ते पाहू. ताज हॉटेले चालवणारी इंडियन हॉटेल्स ही या क्षेत्रातील अग्रगण्य कंपनी. तिचे हिशेब जाहीर असतात, म्हणून उदाहरणादाखल तीच घेणे सोयीचे. २०१९-२० मध्ये तिचे उत्पन्न सुमारे ४,४६३ कोटी रुपये आणि नफा सुमारे ३५४ कोटी रुपये होता. २०२०-२१ मध्ये उत्पन्न १,५७५ कोटींवर कोसळले आणि सुमारे ७२० कोटींचा तोटा झाला. पुढच्या वर्षी तोटा २४८ कोटींचा. दोन वर्षांचा तोटा मिळून झाला ९६८ कोटी. आणि त्यानंतर? २०२२-२३ या एकाच वर्षात नफा झाला सुमारे १,००३ कोटी रुपयांचा. दोन वर्षांत पडलेला खड्डा एका वर्षात भरून निघाला आणि वर काही उरले. २०२३-२४ मध्ये नफा १,२५९ कोटींवर गेला, म्हणजे महामारीपूर्व वर्षाच्या साडेतीन पट!

येथे जिज्ञासू वाचकाने थांबावे. २०२४ मध्येसुद्धा भारतात आलेल्या विदेशी पर्यटकांची संख्या ९९ लाखांच्या आसपास, म्हणजे २०१९ पेक्षा कमीच होती. परदेशी पाहुणे घटले आणि नफा साडेतीन पट झाला, हे घडले कसे? खोल्यांचे दर वाढले, देशातील सधन वर्गाने परदेशवारीचा पैसा देशात खर्च केला, डामडौलाची लग्ने वाढली, दुसऱ्यांच्या मालकीची हॉटेले केवळ चालवून देण्याचे शुल्क वाढले. ही कारणे खरी आहेत. परंतु आणखी एक कारण आहे आणि त्याचा उच्चार सहसा होत नाही. कंपनीचा कर्मचाऱ्यांवरील खर्च २०१९-२० मध्ये सुमारे १,४९५ कोटी रुपये होता. २०२०-२१ मध्ये तो ८९४ कोटींवर आणला गेला. २०२२-२३ मध्ये उत्पन्न पूर्वीच्या मानाने सुमारे तीस टक्क्यांनी वाढले, तेव्हा कर्मचाऱ्यांवरील खर्च होता सुमारे १,५८२ कोटी. वाढ अवघी सहा टक्के. रुपयातल्या हिशेबाने बोलायचे तर महामारीपूर्वी मिळकतीच्या दर रुपयातले ३३ पैसे कर्मचाऱ्याकडे जात होते, महामारीनंतर २७ पैसे जाऊ लागले. सहा पैशांचा हा फरक किरकोळ वाटेल. ५,८०० कोटींच्या उत्पन्नावर तो साडेतीनशे कोटींच्या घरात जातो.

यात कंपनीने काही बेकायदा केले असा आरोप नाही. कपातीचा काही भाग वरिष्ठांच्या पगारातला असेल, दर वाढल्यामुळे गुणोत्तर काहीसे आपोआप बदलले असेल, हेही मान्य करावे. मुद्दा व्यक्तीच्या सचोटीचा नाही, व्यवस्थेच्या स्वभावाचा आहे. भागधारकाचे दोन वर्षांत जे बुडाले ते तिसऱ्या वर्षी त्याला परत मिळाले. कर्मचाऱ्यांचे एका वर्षात सहाशे कोटी कापले गेले. ते कोणत्या वर्षी, कोणत्या खात्यात, कोणाला परत मिळाले? ताळेबंदात त्यासाठी रकानाच नाही.

खालच्या थराचा हिशेब

निगडीतल्या एका गाडीच्या मालक-चालकाचा ताळेबंद कोणी छापत नाही. तो मांडून पाहू. समजा, सतरा आसनी ट्रॅव्हलर गाडी. हे नाव ज्या कंपनीने घरोघरी पोहोचवले तिचे मुख्य कार्यालय शेजारच्या आकुर्डीतच आहे. गाडीवर नऊ लाखांचे कर्ज बाकी, व्याज वर्षाला बारा टक्के, महिन्याला एक टक्का. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. कारखाने हळूहळू सुरू झाले तरी सहली बंदच होत्या. २०२० आणि २०२१ या दोन्ही पावसाळ्यांत लोणावळ्याला जाण्यास जिल्हा प्रशासनाची मनाई होती. देहूहून निघून आकुर्डीला मुक्काम करणारी तुकोबांची पालखीसुद्धा त्या दोन्ही वर्षी पायी निघाली नाही. पादुका एसटीच्या बसने पंढरीला गेल्या. ज्या वाटेवर चहावाल्यापासून मांडववाल्यापर्यंत शेकडो माणसांची वर्षाची कमाई ठरते, ती वाट सुनी राहिली.

रिझर्व्ह बँकेने हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा दिली. प्रथम तीन महिने, नंतर आणखी तीन, ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत. हप्ता थांबला, व्याज थांबले नाही. सहा महिन्यांत नऊ लाखांवर चक्रवाढीने सुमारे ५५,३७० रुपये व्याज चढले. मग ‘व्याजावरील व्याज’ माफ करण्याचा गाजावाजा झाला आणि दोन कोटींपर्यंतच्या कर्जदारांना केंद्र सरकारने दिलासा दिला. दिलासा किती? सरळ व्याज आणि चक्रवाढ व्याज यांतला फरक. आपल्या या चालकाच्या बाबतीत सरळ व्याज होते ५४,००० रुपये. तेव्हा फरक निघाला अंदाजे १,३७० रुपये! सहा महिने उभी असलेल्या गाडीच्या धन्याला राष्ट्राने दिलेली ही भरपाई. राज्य शासनाने एप्रिल ते सप्टेंबर २०२० चा वाहनकर माफ केला, हे न्यायाने नोंदवले पाहिजे. परंतु विमा आणि बॅटरी, घरभाडे आणि मुलांची फी यांना माफी नव्हती.

पगारी चालकाला तर हाही आधार नव्हता. त्याचे नाव कोणत्याही कर्जखात्यावर नव्हते, म्हणून हप्त्याची सवलत त्याला लागू नव्हती. त्याच्याकडे नेमणुकीचे पत्र नव्हते, म्हणून तो कोणाचाही कर्मचारी नव्हता. कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंद असलेल्या कामगाराला अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेखाली नोकरी गेल्यास सरासरी वेतनाच्या निम्मी रक्कम नव्वद दिवस मिळण्याची तरतूद २०२० मध्ये करण्यात आली. तरतूद चांगली होती. पण ज्याची नोंदच नाही त्याला तिचा काय उपयोग? एप्रिल २०२१ मध्ये राज्य शासनाने परवानाधारक रिक्षाचालकांना, नोंदणीकृत फेरीवाल्यांना, घरकामगारांना व बांधकाम कामगारांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले. रक्कम तुटपुंजी होती, तरी त्या यादीत असणे म्हणजे निदान शासनाच्या दृष्टीने अस्तित्वात असणे होते. सहलीच्या बसचा चालक आणि क्लीनर त्या यादीत नव्हता.

ही एकट्या निगडीची कथा नव्हे. पर्यटन मंत्रालयाच्याच सांगण्यावरून राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने केलेल्या पाहणीचा अंदाज असा की, महामारीपूर्वी पर्यटनात प्रत्यक्ष ३ कोटी ४८ लाख रोजगार होते. त्यांपैकी १ कोटी ४५ लाख २०२० च्या एप्रिल ते जून या एकाच तिमाहीत गेले. दर पाच जणांमागे दोघे! ही माणसे त्या काळात काय खात होती, हे कोणत्याही कंपनीच्या वार्षिक अहवालात सापडणार नाही.

मदत कोणत्या मापाने मोजली?

शासनाने मदत केली नाही असे म्हणणे खोटे ठरेल. केली, परंतु तिचे माप कोणते होते ते पाहावे. आपत्कालीन पतहमी योजना मार्च २०२१ मध्ये हॉटेल, प्रवास व पर्यटन व्यवसायाला लागू झाली. या योजनेत नवे कर्ज मिळायचे ते जुन्या कर्जाच्या प्रमाणात. पर्यटन क्षेत्रासाठी ते बाकी कर्जाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत होते. ज्याच्या डोक्यावर शंभर कोटी, त्याला चाळीस कोटी. ज्याच्या डोक्यावर नऊ लाख, त्याला तीन लाख साठ हजार. आणि ज्याला कोणी कधी कर्जच दिले नाही त्याला शून्य. गरजेच्या मापाने मदत देण्याऐवजी ऐपतीच्या मापाने मदत देण्याचा याहून निर्मळ नमुना दाखवणे कठीण. जून २०२१ मध्ये नोंदणीकृत मार्गदर्शकांसाठी एक लाखापर्यंतच्या हमी-कर्जाची योजना आली. तिच्या कक्षेत देशभरातील मार्गदर्शक होते १०,७००. तेही कर्जच. उपाशी माणसाला शासनाने भाकरी उसनी दिली.

मोठ्यांची वाट निराळी होती. इंडियन हॉटेल्सने २०२१-२२ या एका वर्षात भागधारकांकडून आणि संस्थात्मक गुंतवणूकदारांकडून दोन टप्प्यांत सुमारे चार हजार कोटी रुपयांचे नवे भांडवल उभे केले. बिनव्याजी, बिनहप्त्याचे. महाराष्ट्रात हॉटेल व्यवसायाला उद्योगाचा दर्जा देण्याचा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये झाला, जेणेकरून वीज, पाणी आणि मालमत्ता कर यांची आकारणी औद्योगिक दराने व्हावी. संकटकाळी उद्योगाला हात द्यावा, हे तत्त्व म्हणून ठीक आहे. पण त्या बदल्यात एकाही कामगाराची नोकरी टिकवण्याची अट शासनाने घालू नये?

इतर देशांनी काय केले? जर्मनीत कामाचे तास घटले तर बुडालेल्या वेतनाचा मोठा हिस्सा सार्वजनिक निधीतून देण्याची जुनी पद्धत आहे. महामारीत तो हिस्सा ६० टक्क्यांपासून सुरू होऊन काळ लांबला तसा ८० टक्क्यांपर्यंत वाढवला गेला. ब्रिटनमधील हुजूर पक्षाच्या सरकारनेसुद्धा घरी बसवलेल्या कामगाराच्या वेतनाचे ८० टक्के, महिना अडीच हजार पौंडांच्या मर्यादेत, तिजोरीतून दिले. हे काही समाजवादी क्रांतीचे देश नव्हेत. भांडवलशाहीच्या चौकटीतही मदतीचे माप ‘कर्ज’ हे न ठेवता ‘माणूस’ हे ठेवता येते, एवढेच त्यांनी दाखवले.

आपल्याकडे सार्वजनिक मालमत्तेचे काय झाले तेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. रेल्वेच्या तिकिटांची आणि खानपानाची मक्तेदारी असलेल्या आयआरसीटीसीने २०२०-२१ या सर्वांत वाईट वर्षीही सुमारे १९० कोटींचा नफा मिळवला आणि २०२३-२४ मध्ये १,१११ कोटींचा. संकटातही न बुडणारे असे पर्यटनातले हे सार्वजनिक साधन. त्याच्या उत्पन्नातून पर्यटन कामगारांचा निधी उभारता आला असता. केंद्र सरकारने केले काय? ऐन महामारीत, डिसेंबर २०२० मध्ये, त्यातला वीस टक्के हिस्सा बाजारात विकला. दुभती गाय दुष्काळात विकण्याचा हा अर्थव्यवहार.

आक्षेप आणि आत्मपरीक्षण

यावर एक आक्षेप घेतला जाईल. धोका पत्करतो तो भांडवलदार, म्हणून लाभही त्याचाच, असे सांगितले जाईल. धोका म्हणजे काय? ज्याने शेअर घेतला त्याने बचतीचा एक भाग पणाला लावला. ज्याने गाडीचे चाक हाती धरले त्याने महिन्याचा किराणा पणाला लावला आणि संसर्गाच्या काळात जीवही. पणाला लावलेल्या वस्तूंची तुलना केली तर कोणाचा धोका मोठा, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच गोटातून येतो आणि तो अधिक गंभीर आहे. पर्यटन म्हणजे मध्यमवर्गाची चैन. गाडीमालक म्हणजे छोटा भांडवलदार. चळवळीने त्यात कशाला पडावे? पिंपरी-चिंचवड पट्ट्यात कामगार चळवळीची परंपरा मोठी आहे. १९८९ च्या टेल्कोतील लढ्याच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. परंतु कायम कामगार आपल्या वेतनकरारासाठी झुंजत असताना, त्याला रोज पहाटे दारातून उचलून कारखान्याच्या फाटकाशी पोचवणाऱ्या आणि रात्रपाळीनंतर सुखरूप घरी आणणाऱ्या चालकाला किती वेतन मिळते, किती तास तो जागा असतो, याची चौकशी किती संघटनांनी केली? पाच वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना दिवसाचे आठ तास ठरवून देणारा मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ पासून होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितांत तो विरून गेला. तो जिवंत होता तेव्हाही या गाड्यांच्या पायरीवर चढला नव्हता आणि आपण त्याला चढवलेही नव्हते. ही कबुली दिल्याशिवाय पुढचे पाऊल टाकण्याचा नैतिक अधिकार मिळत नाही.

पुढचे पाऊल कोणते, हे महाराष्ट्राला परक्यांकडून शिकण्याची गरज नाही. माथाडी कामगारालाही एक धनी नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. १९६९ च्या माथाडी कायद्याने कामगार आणि धनी दोघांची नोंदणी एका मंडळाकडे केली, मजुरी मंडळामार्फत दिली आणि तिच्यावर आकारलेल्या पट्टीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस यांची सोय केली. अनेक धन्यांचा एक कामगार असला तरी त्याला हक्क देता येतात, हे या राज्याने अर्ध्या शतकापूर्वी सिद्ध केले. केरळात मोटार वाहतूक कामगारांसाठी कल्याण निधीचा स्वतंत्र कायदा १९८५ पासून आहे; टाळेबंदीत कामगारांपर्यंत मदत पोचवायला तेथे त्या मंडळाचा उपयोग झाला. आपल्याकडे यादीच नव्हती, मग मदत कोणाच्या दारी जाणार?

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. सहलीच्या व कंत्राटी बसगाड्यांवरील चालक-क्लीनर, हॉटेलांतील कंत्राटी कामगार, मार्गदर्शक या सर्वांच्या नोंदणीसाठी पर्यटन व प्रवासी वाहतूक कामगार मंडळ स्थापन व्हावे. मोठ्या हॉटेलांच्या, प्रवास कंपन्यांच्या आणि बसगाड्या भाड्याने घेणाऱ्या कारखान्यांच्या बिलांवर कल्याण पट्टी लागावी. स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्याला मंडळाचे सभासदत्व खुले असावे. आणि पर्यटन धोरणाखाली जी सवलत दिली जाईल ती लेखी नेमणूकपत्र व विमा नोंदणी यांच्या अटीवरच दिली जावी. १८ लाख रोजगारांच्या घोषणेचा खरेपणा या अटीवर तपासला जाईल.

या मागण्या मंत्रालयात जाण्याआधी भक्ती-शक्ती चौकात जायला हव्यात. कार्यकर्त्यांनी पहाटेच्या पाळीला तेथे वही घेऊन उभे राहावे आणि प्रत्येक चालकाचे नाव, वेतन, कामाचे तास, कर्जाची बाकी लिहून घ्यावी. जो हिशेब शासनाने ठेवला नाही आणि कंपन्यांनी मांडला नाही, तो ताळेबंदाचा उरलेला अर्धा भाग अशाच वह्यांतून पुरा होईल. पुढची महामारी कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा या वह्या भरलेल्या असल्या पाहिजेत.